अ‍ॅनिमेशनपटात आधी पात्र काढतात की आधी आवाज? पात्रं नटांसारखी का दिसतात?

साधारण क्रम असा: पात्राचं रेखाटन, मग आवाजाचं रेकॉर्डिंग आणि हालचाली त्या आवाजावर. रेकॉर्डिंगच्या वेळी बऱ्याचदा नटाचं शूटिंगही करतात. भुवई कधी उडाली, ओठ कसा मुडपला, हे अ‍ॅनिमेटरला तिथूनच मिळतं. साम्य येतं ते असं.

'अलादीन'मधला (१९९२) जिनी तर विनोदी नट रॉबिन विल्यम्स डोळ्यांसमोर ठेवूनच घडवला. त्याचा होकार मिळवण्यासाठी अ‍ॅनिमेटर एरिक गोल्डबर्गने त्याच्याच जुन्या स्टँड-अपच्या आवाजावर जिनी हलवून दाखवला. त्यात जिनीला दुसरं डोकं फुटतं आणि दोन्ही डोकी एकमेकांशी भांडतात! गडी खूश, काम पक्कं.

'शार्क टेल'मध्ये (२००४) मात्र दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीच्या जाड भुवया त्याने आवाज दिलेल्या माशाला सरळ चिकटवल्या. मला ते पात्र कमी, व्यंगचित्र जास्त वाटतं.

हिंदी डबिंगचं गणित उलटं. चित्र आधीच तयार, त्यामुळे ओठांच्या मापात शब्द बसवायचे. २०१९च्या 'द लायन किंग'मध्ये मुफासाला शाहरुख आणि सिंबाला आर्यन घेतला, तो पोस्टरवर बापलेकाची जोडी खपते म्हणून. सिंहाच्या चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता.