पायलट तर वरच असतो, मग त्याची बहादुरी कसली?

प्रश्न : आम्ही विमाननगरला राहतो. लोहगाववरून सुखोई उडालं की खिडकीच्या काचा थरथरतात आणि आमचा नववीतला मुलगा हातातला घास टाकून गॅलरीत पळतो. परवा त्याला कॅम्पातल्या वॉर मेमोरियलला नेलं, तर तिथलं मिग बघून म्हणतो, आई, जवान समोरासमोर लढतो, पायलट वरून बॉम्ब टाकून निघून जातो, मग त्याची बहादुरी कसली? मला काही नीट सांगता आलं नाही.
– एक वाचक आई, विमाननगर

उत्तर : ताई, पोराचा प्रश्न अगदी रास्त आहे, त्याला गप्प बसवलं नाहीत हे फार बरं केलंत. त्याला लोंगेवाला सांगा. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, राजस्थानच्या वाळवंटातली चौकी, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाब या बटालियनचे शंभर-सव्वाशे जवान, आणि समोरून पाकिस्तानी रणगाडे येतायत. जैसलमेरला आपली हंटर विमानं होती पण त्यांच्यात रात्री लढायची सोयच नव्हती, म्हणजे उजाडेपर्यंत चौकीतल्यांनी कसंही करून तग धरायचा. त्यांनी धरला, आणि ५ तारखेला उजाडल्या उजाडल्या हंटर डोक्यावर आली.

आता तुमच्या मुलाचा मुद्दा. पाकिस्तानी विमानं तिथे आली नाहीत हे खरंय, पण म्हणून काम सोपं नव्हतं. वरून रणगाडा दिसतो काडेपेटीएवढा, त्याला रॉकेटने नाहीतर ३० मिलिमीटरच्या तोफांनी टिपायचं तर विमान खाली सूर मारून आणावं लागतं आणि नेम धरलेले ते काही सेकंद एकदम सरळ ठेवावं लागतं, जरा हललं की नेम गेला. आणि नेमके तेच सेकंद खालून मशीनगन चालवणाऱ्यालाही सोपे असतात. वर उचलायला क्षणभर उशीर झाला तर समोर जमीनच. शिवाय आपली पोरं तिथेच जवळ, चूक झाली तर आपल्याच माणसांवर. आर्मीचे मेजर आत्मा सिंग तर कृषक नावाच्या छोट्याशा, हळू उडणाऱ्या विमानातून रणगाडे कुठे आहेत ते हंटरवाल्यांना सांगत होते!

आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुन्हा येणं. पहिल्या खेपेला खालचे बेसावध असतात, दुसऱ्या खेपेला ते वाटच बघत असतात, तरी ही पोरं जैसलमेरला जाऊन इंधन-दारूगोळा भरून जोडीजोडीने दिवसभर येत राहिली. वरून काढलेले फोटो आहेत, त्यात वाळूवर रणगाड्यांच्या चाकोऱ्यांची वेटोळी दिसतात, चुकवायला ते गोल गोल पळत होते.

कारगिलचंही सांगा. २७ मे १९९९ ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं, ते पॅराशूटने खाली उतरले. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ मध्ये होते, सरळ परत जाता आलं असतं, पण सहकारी नेमका कुठे उतरलाय ते शोधायला ते तिथेच थांबले, आणि खालून क्षेपणास्त्र लागलं. ते परत आले नाहीत, मरणोत्तर वीरचक्र मिळालं. निघून जातो म्हणतो ना तुमचा मुलगा, त्याला हे आवर्जून सांगा.

पुढच्या रविवारी परत मेमोरियलला जा आणि त्या मिग-२३ चं नाक त्याला बाजूने दाखवा, पुढे कसं खाली उतरत गेलंय ते. पायलटला खालची जमीन नीट दिसावी म्हणून ते तसं केलेलं आहे.