वर्षभर एकच ओकायामा

प्रिय मुली,

तुझा निरोप मिळाला. आठवी-नववीच्या मुलांना आठवड्याला एक तासिका जपान शिकवायचा आहे. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, शाळेने पूर्ण मोकळीक दिली आहे. तू पाठवलेली यादीही पाहिली: किमोनो, चहाचा विधी, साकुरा, सामुराई, सुशी, बुलेट ट्रेन, जपानी माणसाची शिस्त. तीस तासिका, तीस विषय. यादीमागची मेहनत दिसते, तरी स्पष्ट सांगते, ती बाजूला ठेव. असा जपान मुलं काचेच्या कपाटातल्या वस्तूंसारखा बघतात आणि पुढच्या तासाला विसरतात. तू वर्षभर एकच प्रदेश शिकव. ओकायामा. हा त्यांचा एक 'केन', म्हणजे प्रांत, आकाराने आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान.

ओकायामाच का, ते पुण्याच्या मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सगळी जाऊन आलेली असतात, तिथल्या पुलावर फोटो काढून आलेली असतात. ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथून सुरुवात कर. पहिल्या तासाला फळ्यावर फक्त एवढंच लिही: ही बाग कुणी, कुणासाठी केली?

उत्तर हळूहळू काढ. कोराकुएन बांधली इकेदा घराण्यातल्या त्सुनामासा या सरदाराने, आणि ती पुरी झाली 1700 साली. काम पाहणारा त्याचा अधिकारी होता त्सुदा नागातादा. याच नागातादाने त्याआधी त्सुनामासाच्या वडिलांच्या हुकमावरून 1670 मध्ये एक शाळा उभारायला घेतली होती, शिझुतानी. सरदारपुत्रांखेरीज सामान्य रयतेच्या मुलांनाही तिथे प्रवेश होता. तिथल्याच बिझेन भागातल्या भाजलेल्या कौलांचं तिचं सभागृह आजही उभं आहे. 1670 म्हणजे आपल्याकडे सिंहगड घेतला गेला ते साल, हे मुलांना आपणहून सुचेल. त्यांना तो आनंद घेऊ दे, पण तिथे रेंगाळू नकोस. शिवाजी महाराज आणि जपान असा पूल बांधायचा मोह आवर. दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या म्हणून त्यांचं नातं लागत नाही, आणि आठवीच्या मुलाला हे तेव्हाच सांगितलेलं बरं.

आता मला जी गोष्ट मनापासून सांगायची आहे तिच्याकडे येते. त्यासाठी माझी एक चूक सांगावी लागेल.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मीही वर्गात तेच सांगत असे जे तुझ्या यादीत शेवटी आहे. जपानी मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात, फरशी पुसतात, पांढरे ॲप्रन घालून एकमेकांना जेवण वाढतात. हे सगळं खरंच आहे. मी म्हटलं, चला, आपणही करू. झाडू मागवले, गट पाडले. पाच मिनिटांत झाडू कुणाच्या हातात गेले आणि बाकांवर बसून सूचना कोण देत होतं, ते मी पाहिलं. ज्या मुलाची आई सकाळी रस्ते झाडायला जायची, तो मान खाली घालून एकटाच कोपरा झाडत होता. त्याला कुणी 'तू झाड' म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. मी जपानचं कौतुक करत होते आणि माझ्याच वर्गात कोण बसलंय याचा विचार मी केला नव्हता. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर मी ओकायामाच्या कागदपत्रांकडे वळले, आणि तिथे शिबुझोमे इक्की सापडला. 'इक्की' म्हणजे रयतेचा उठाव. हे प्रकरण तू चार तासिका घेऊन शिकव, सहा लागल्या तरी चालतील.

1855 मध्ये ओकायामाच्या त्याच इकेदा संस्थानाने काटकसरीचा हुकूम काढला. बहुतेक कलमं सगळ्या रयतेसाठी होती. शेवटची 5 मात्र फक्त त्या लोकांसाठी, ज्यांना मेलेली जनावरं ओढण्या-सोलण्याच्या कामावरून विटाळाचे ठरवून वेगळ्या वस्त्यांत ठेवलं होतं. या लोकांना पुढे बुराकुमिन म्हणू लागले. त्यांनी नवा कपडा केला तर नक्षीचा नको. रंग दोनच चालतील, कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाचा भुरकट तांबूस किंवा साधा निळा. पावसात ओळखीचा शेतकरी समोर आला, तर पायातल्या लाकडी खडावा काढून वाकायचं. हे वाचून दाखव आणि थांब. मुलं आपण होऊन बोलतील. आमच्या आजोबांच्या गावात असं होतं, असं एखादं हळूच म्हणेल. म्हणालं तर ऐक, पण कुणालाही विचारू नकोस. कुणाचं आडनाव घेऊन, कुणाकडे बघून उदाहरण देऊ नकोस. हा एक नियम मात्र कधीही मोडू नकोस.

मग त्या लोकांनी काय केलं ते सांग. 53 वस्त्यांनी मिळून अर्ज लिहिला. आम्हीही जमीन कसतो, सारा भरतो, मग कपड्यावरून आम्हाला निराळं का पाडता, असा त्याचा आशय होता. अर्ज परत आला. तेव्हा 1856 मध्ये दीडएक हजार माणसं मुशिआके गावी बसणाऱ्या मुख्य कारभाऱ्याकडे दाद मागायला चालत निघाली. जाळपोळ नाही, मारामारी नाही. पुढे 12 जणांना तुरुंगात टाकलं, त्यातले 6 तिथेच मेले. हुकूम कागदावर राहिला, पण कपड्याची सक्ती संस्थानाला अमलात आणता आली नाही.

इथे घाईने 'म्हणजे हे त्यांचे अस्पृश्य' असं लिहून मोकळी होऊ नकोस. साम्य मुलांना दिसतंच, फरक तुला दाखवावा लागेल. 1871 मध्ये सम्राटाच्या नावाने आलेल्या नव्या मेइजी सरकारने हा भेद कायद्याने काढून टाकला. त्यावर 1873 मध्ये याच ओकायामाच्या उत्तर भागात, मिमासाकामध्ये, शेतकऱ्यांचा दंगा उसळला. सक्तीची लष्करभरती नको, नव्या शाळांचा भुर्दंड नको, आणि 'ते लोक' आमच्या बरोबरीला नकोत. शाळा जाळल्या गेल्या, बुराकु वस्त्या जाळल्या गेल्या, तिथली 18 माणसं मारली गेली. म्हणजे दडपलेल्या शेतकऱ्याने आपल्याहून खालच्या माणसावर हात उचलला. मेइजी काळ 'आधुनिकतेकडे झेप' म्हणून शिकवला जातो, तेव्हा हा दंगा त्यात बसत नाही म्हणून वगळतात. तू वगळू नकोस. 1922 साली क्योतोमध्ये बुराकु तरुणांनी स्वतःची संघटना स्थापन केली, सुइहेइशा. पाच वर्षांनी आपल्याकडे महाडचं चवदार तळं. दोन्ही तारखा शेजारी शेजारी फळ्यावर लिही आणि मुलांना बोलू दे. आणि हे सगळं जुनं म्हणून सोडू नकोस. 1975 मध्ये उघडकीला आलं की मोठमोठ्या कंपन्या बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या छुप्या याद्या विकत घेत होत्या, नोकरीला आलेला उमेदवार कुठला आहे ते ताडून बघायला.

मुशिआके हे नाव लक्षात ठेव, कारण तिथे पुन्हा यायचं आहे. त्या किनाऱ्यासमोर नागाशिमा नावाचं बेट आहे. जिथे अंतर सगळ्यात कमी, तिथे मध्ये 30 मीटर पाणी. 1931 पासून तिथे कुष्ठरुग्णांना आणून ठेवलं जाई. औषध आलं, रोग बरा होऊ लागला, तरी सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा 1996 पर्यंत चालू होता. बेटावर जायला पूल झाला तो 1988 मध्ये. या बेटावर 1955 ते 1987 एक हायस्कूल होतं, रुग्ण मुलांसाठीचं देशातलं एकमेव. आपल्या घरापासून, कधी नावापासूनही तुटलेली मुलं तिथे शिकत, आणि शिक्षक पांढरे डगले घालून वर्गात येत. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाला याहून जवळचं मला जपानमध्ये काही सापडलं नाही. आनंदवन त्यांना माहीत असतं, बाबा आमट्यांचं नाव ती घेतील. मग विचार, पांढरा डगला घातलेल्या शिक्षकाकडे बघून पहिल्या बाकावरच्या मुलाला काय वाटलं असेल? हे लिहून घे, वह्या तपासू नकोस, नुसत्या वाच.

युद्धाबद्दल तू विचारलं आहेस. हिरोशिमा ओकायामाच्या शेजारचाच केन. 6 ऑगस्टला तिथे बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुलं आगीला अडसर म्हणून घरं पाडायच्या कामाला लावलेली होती, त्यातली हजारो मेली. हे शिकव. पण 1945 पासून सुरुवात करू नकोस. आधी 1910 मध्ये जपानने गिळलेला कोरिया, 1937 मध्ये चीनच्या नानजिंगमध्ये जपानी फौजांनी केलेली कत्तल. आणि आपल्या मुलांसाठी अंदमान: 1942 पासून तिथे जपानी फौजा होत्या, आणि जानेवारी 1944 मध्ये त्यांनी हम्फ्रीगंजला 44 भारतीयांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घातल्या. आझाद हिंद सेनेमुळे जपान म्हणजे आपला मित्र, एवढंच घरून ऐकलेलं असतं. काही पालक नाराज होतील. त्यांना वर्गात येऊन बसायला सांग. ओकायामा शहरावर 29 जून 1945 च्या पहाटे बॉम्ब पडले, 1,700 हून अधिक माणसं गेली, किल्ला जळाला. कोराकुएनमधून मागे दिसणारा आजचा किल्ला 1966 चा, काँक्रीटचा आहे.

बाकीचं थोडक्यात. अॅनिमे बघणारी मुलं तुझ्याहून जास्त शब्द घेऊन येतील, सेनपाई (वरच्या वर्गातला), नाकामा (सोबती), कावाई (गोंडस). त्यांना थांबवू नकोस, ते शब्द शाळेत कोण कुणाला म्हणतं ते शोधून आणायला सांग. लिपीला एकच तास दे, पण तो देच: अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमाला नेली तिचा हा क्रम. 'न' आणि 'म' यांच्या मधे 'ह' कसा, असं हुशार पोर विचारेलच. त्या जागी पूर्वी 'प' होता. निप्पोन आणि निहोन ही एकाच देशाची दोन नावं आहेत, एवढा पुरावा त्याला पुरेल.

आणि व्हॉट्सॲपवरचा जपान वर्गात आला, की जपानी कामगार संपात काम थांबवत नाहीत, एकाच पायाचे बूट बनवतात, तर रागावू नकोस. 1975 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपाच्या हक्कासाठी जपानची सरकारी रेल्वे 8 दिवस बंद होती, हे सांग. जपानी शाळा आदर्श म्हणून कुणी पुढे केल्या, तर 2023 च्या शैक्षणिक वर्षात तिथली 3 लाख 46 हजारांहून अधिक प्राथमिक आणि माध्यमिक मुलं 30 दिवस किंवा त्याहून जास्त शाळेत गेली नव्हती, हेही सांग. ती मुलंही जपानच आहेत.

झाडूचा तास मात्र तू घे. फक्त शेवटी घे, शिबुझोमे शिकवून झाल्यावर, आणि पहिला झाडू तू उचल. त्या दिवशी मुलं कशी वागली ते मला सविस्तर लिही.

बागेची सहल सकाळी लवकर ठेव. तारीख ठरली की कळव, गुडघे साथ देतील तेवढं मीही चालेन.

तुझी,
बाई