शंका-समाधान : विममधील पॅनेलांची मांडणी स्क्रिप्टकडे सोपवताना

प्रश्न : मी तांत्रिक पुस्तिकांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. सगळे काम विम या टेक्स्ट एडिटरमध्ये चालते. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे माझे भाषांतर आणि खाली पूर्ण रुंदीत पारिभाषिक शब्दांची यादी अशी तीन पॅनेले मला लागतात. ती रोज हाताने उघडून त्यांचे आकार जुळवण्यात वेळ जातो, म्हणून मी विमआरसी या विमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये स्क्रिप्ट लिहिली. विम सुरू होताच तिन्ही पॅनेले उघडतात आणि एफ५ दाबले की तिसऱ्या पॅनेलची उंची ८ ओळी होते. मात्र अधूनमधून शब्दयादीऐवजी भाषांतराचेच पॅनेल ८ ओळींचे होऊन बसते. शिवाय गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) कमिटचा, म्हणजे बदलांच्या नोंदीचा, संदेश लिहायला विम उघडले, की तिथेही ही पॅनेले समोर येतात. माझे नेमके कुठे चुकते आहे?
– एक भाषांतरकार, कोल्हापूर

उत्तर : आपण स्क्रिप्टही सोबत पाठवलीत, त्यामुळे दोष लगेच सापडला. एफ५ला जोडलेल्या ओळीत आपण ‘तिसऱ्या विंडोत जा आणि उंची ८ कर’ असे लिहिले आहे. (आपण ज्याला पॅनेल म्हणता त्याला विम विंडो म्हणतो. या उत्तरात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्यात.) विमच्या लेखी विंडोचा क्रमांक म्हणजे पडद्यावरची त्या क्षणीची जागा असते. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि एखादी विंडो मध्ये आली किंवा बंद झाली की पुढचे सगळे क्रमांक बदलतात.

भाषांतराचे पॅनेल आक्रसते त्याच्या थोडे आधी आपण ‘हेल्प’ कमांड दिलेली असते का, हे एकदा पाहावे. मदतीची विंडो एरवी चालू विंडोच्या लगेच वर उघडते. पण चालू विंडो पडद्याच्या पूर्ण रुंदीची नसेल आणि ८० अक्षरांहून अरुंद असेल, तर ती पडद्याच्या अगदी माथ्यावर, पूर्ण रुंदीत उघडते. आपली मूळ मजकुराची आणि भाषांतराची विंडो शेजारी शेजारी असल्यामुळे, पडदा १४० अक्षरांचा धरला तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ७० अक्षरे येतात. म्हणजे मदतीची विंडो माथ्यावर जाऊन पहिली ठरते, मूळ मजकूर दुसरा, भाषांतर तिसरे आणि शब्दयादी चौथी होते. अशा वेळी एफ५ दाबले की स्क्रिप्ट तिला सांगितलेलेच काम चोख करते आणि तिसऱ्या विंडोची, म्हणजे भाषांतराची, उंची ८ ओळींवर आणते. मूळ मजकुराची विंडो त्याच रांगेत असल्यामुळे तीही सोबत आक्रसते.

यावरचा उपाय असा, की विंडोला तिच्या जागेवरून न ओळखता तिच्या ओळखक्रमांकावरून ओळखावे. प्रत्येक विंडो उघडताना विम तिला एक स्वतंत्र आयडी देतो. हे आयडी १००० पासून सुरू होतात आणि विंडो बंद होईपर्यंत बदलत नाहीत, मग ती पडद्यावर कुठेही सरको. शब्दयादीची विंडो उघडल्याबरोबर, पुढच्याच ओळीत, ‘विन_गेटआयडी’ हे फंक्शन बोलावून मिळालेला आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेवावा. व्हेरिएबलच्या नावाआधी ‘टी’ आणि कोलन लावला, की ते त्या टॅबपुरते राहते आणि दोन टॅबांत दोन पुस्तिका उघडल्या तरी घोटाळा होत नाही. एफ५च्या ओळीत मग ‘विन_गोटूआयडी’ वापरावे. ती विंडो अस्तित्वात नसेल तर हे फंक्शन शून्य परत करते, त्यामुळे शून्य आल्यास यादी नव्याने उघडायची, असेही तिथेच लिहिता येते. २०१६ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून पुढे हे सगळे उपलब्ध आहे. विम ८.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर ‘विन_एक्झिक्यूट’ला आयडी आणि कमांड देऊन कर्सर जागचा न हलवता उंची बदलता येते. भाषांतराच्या ऐन वाक्यात कर्सर दुसरीकडे जाऊ नये यासाठी मला हीच वाट अधिक बरी वाटते.

खरे तर एफ५ची गरजच पडू नये. मदतीची विंडो बंद केल्यावर शब्दयादी अर्धा पडदा व्यापते याचे कारण ‘ईक्वलऑलवेज’ हा पर्याय मुळातच चालू असतो. विंडो उघडली किंवा बंद केली की त्याच्यामुळे उरलेल्या विंडो समान आकाराच्या होतात. तो बंद करण्याऐवजी शब्दयादीच्या विंडोत, आधी उंची ८ करून मग, ‘सेटलोकल’ने ‘विनफिक्सहाइट’ लावावा. इतर विंडो उघडल्या-मिटल्या तरी यादीची उंची मग शक्यतो ढळत नाही आणि बाकीच्या दोन विंडोंना समान वाटणीचा फायदाही मिळत राहतो.

आता गिटविषयी. आपण मांडणी ‘विमएंटर’ या घटनेला जोडली आहे. ही घटना विम सुरू होताना प्रत्येक वेळी घडते, मग तो कोणीही आणि कशासाठीही सुरू केलेला असो. गिट विमला संदेशाच्या फाइलचे नाव देऊन उघडतो. त्यामुळे ‘आर्गसी’ या फंक्शनचे उत्तर शून्य असेल, म्हणजे कोणतीही फाइल न सांगता विम उघडला असेल, तरच मांडणी करावी, अशी अट घातली की ही अडचण मिटेल. तरीही माझा सल्ला वेगळा आहे. ‘विमएंटर’ काढूनच टाकावे, मांडणीचे फंक्शन लिहावे आणि त्याला स्वतःची एक कमांड करून द्यावी. अशा कमांडचे नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते, एवढाच नियम आहे. हाताशी काम एका ओळीच्या दुरुस्तीचे असताना न मागितलेली तीन पॅनेले पुढे आली, की माणूस ती बंद करत बसतो आणि वाचवलेला वेळ तिथेच जातो.

या फंक्शनची सुरुवात ‘टॅबन्यू’ने करावी. बरेच जण ‘ओन्ली’ वापरून आधीच्या विंडो बंद करतात, पण एखाद्या फाइलमधले बदल जतन केलेले नसले तर तिथे स्क्रिप्ट अडखळू शकते. नव्या टॅबमध्ये कोणाला धक्का लागत नाही. मग मूळ फाइल उघडावी, ‘राइटबिलो व्हीस्प्लिट’ने उजवीकडे भाषांतर आणि ‘बॉटराइट ८स्प्लिट’ने तळाशी यादी उघडावी. ‘बॉटराइट’ विसरू नये. तो नसला तर यादी फक्त भाषांतराच्या विंडोतच दुभागून उघडते आणि पूर्ण रुंदीत येत नाही.

आपण विचारलेले नाही, पण आपल्या कामाला फार उपयोगी पडेल म्हणून सांगतो. मूळ मजकूर आणि भाषांतर या दोन्ही विंडोंत ‘स्क्रोलबाइंड’ लावला, की एक वर-खाली सरकवली तर दुसरीही तेवढीच सरकते. मात्र लावण्याच्या क्षणी दोन्हींत जे अंतर असेल तेच पुढे कायम राहते. फाइल उघडताच कर्सर मागच्या वेळच्या जागी नेण्याची सोय आपल्या विमआरसीत आहे, त्यामुळे एक फाइल २०० व्या ओळीवर आणि दुसरी १८० व्या ओळीवर असताना ती जोडी बांधली जाईल. म्हणून पर्याय लावल्यावर लगेच ‘सिंकबाइंड’ ही कमांड द्यावी. हा मेळ ओळींचा असतो, अर्थाचा नव्हे, तेव्हा इंग्रजीतला एक परिच्छेद एका ओळीत असेल तर मराठीतही तो एकाच ओळीत ठेवावा.

प्रश्न : ‘एमकेसेशन’ कमांडने मांडणी जशीच्या तशी साठवता येते, तर स्क्रिप्ट लिहिण्याचा खटाटोप कशाला?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : एकच काम काही दिवस चालणार असेल तर खटाटोप खरोखरच नको. सत्र (सेशन) साठवावे आणि दुसऱ्या दिवशी विमला ‘एस’ या मोठ्या अक्षराच्या पर्यायासह ती फाइल द्यावी. पण सत्र म्हणजे त्या दिवशीचे छायाचित्र असते. त्यात फाइलींची नावे आणि त्या वेळच्या पडद्याच्या मापाने घेतलेले आकार असतात, त्यामुळे तीच मांडणी नव्या फाइलींना लावायची झाली तर स्क्रिप्टच हवी. आणखी एक गोष्ट जपावी. सत्रात काय साठवायचे हे ठरवणाऱ्या ‘सेशनऑप्शन्स’ या पर्यायात विम ‘ऑप्शन्स’ हा शब्द मुळातच धरून चालतो, त्यामुळे सत्रासोबत त्या दिवशीची सेटिंग्ज आणि कळांच्या जोडण्याही साठवल्या जातात. पुढे विमआरसीत केलेली दुरुस्ती सत्र उघडताच पुसली गेल्यासारखी वाटते, ती यामुळे. तो शब्द यादीतून वगळावा. साठवलेली सत्राची फाइल हीसुद्धा विमची स्क्रिप्टच असते. ती उघडून वाचली, तर आपण हाताने केलेली मांडणी कमांडच्या भाषेत कशी लिहिली जाते, हे आयतेच दिसते.

प्रश्न : पॅनेलांची स्क्रिप्ट विमच्या जुन्या भाषेत, म्हणजे विमस्क्रिप्टमध्ये, लिहावी की नव्या विम९ स्क्रिप्टमध्ये?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : ब्राम मुलेनार यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवलेल्या या एडिटरची ९.० ही आवृत्ती जून २०२२ मध्ये आली आणि तिच्यासोबत विम९ स्क्रिप्ट आली. तिच्यातली फंक्शने आधी संकलित (कंपाइल) होतात, त्यामुळे हजारो ओळींवर फिरणाऱ्या कामांत वेगाचा फरक जाणवतो. दिवसातून दोनदा तीन विंडो उघडण्यात तो जाणवणार नाही. आपण घरी विम आणि कार्यालयात निओविम (विमपासूनच निघालेला दुसरा एडिटर) वापरता असे लिहिले आहे. निओविमला विम९ स्क्रिप्ट समजत नाही, जुनी विमस्क्रिप्ट मात्र दोघांनाही समजते, तेव्हा आपण जुनीतच लिहावी. ऑटोकमांड (‘विमएंटर’सारखी घटना घडताच आपोआप चालणाऱ्या कमांड) वापरणार असाल तर त्या एका ‘ऑगग्रुप’मध्ये, म्हणजे गटात, ठेवून आरंभीच ‘ऑटोसीएमडी’पुढे उद्गारचिन्ह देऊन आधीच्या पुसाव्यात. तसे न केल्यास विमआरसी पुन्हा वाचली जाईल तितक्या वेळा त्याच जोडण्यांची भर पडते आणि एका घटनेला एकच पॅनेल दोनदा, तीनदा उघडू लागते.