बोअरला लागलेले पाणी बागायतीला पुरेल का?

प्रश्न: शेतात नवे बोअर घेतले आहे. खोदताना पाण्याचा जोरदार फवारा उडाला आणि गाडीवरच्या कामगारांनी ‘पाणी भरपूर आहे’ असे सांगितले. त्या भरवशावर एक हेक्टर बाग लावावी का? पाण्याची कोणती तपासणी करावी?

उत्तर: फवाऱ्यावर विसंबून बाग लावू नये. खोदताना उडणारे पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने वर फेकलेले असते, आणि त्यात खडकाच्या भेगांमध्ये आधीपासून साठलेले पाणीही आलेले असते. आपल्याला हवी असते ती रोजची आवक, आणि ती उपसा चाचणीनेच कळते. पंप लावण्यापूर्वी पाणीपातळी मोजावी. मग एकाच वेगाने, शक्य असल्यास 24 तास, पंप चालवून पातळीच्या नोंदी घ्याव्यात. पातळी सुरुवातीला झपाट्याने उतरते, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत दर मिनिटाला व नंतर वाढत्या अंतराने मोजले तरी चालते. उपसलेले पाणी मात्र बोअरपासून दूर सोडावे, नाहीतर तेच मुरून परत येते आणि चाचणी फसते. पातळी एका खोलीवर स्थिरावली, तर त्या वेगाने होणारा उपसा झेपतो आहे असे समजावे. ती उतरतच राहिली, तर आपण साठा खात आहोत. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात पूर्ववत होते, हेही लिहून ठेवावे, कारण ती मूळ जागी येतच नसेल तर मागचा साठा तोकडा असण्याची शक्यता मोठी.

प्रवाह मोजायला 200 लिटरचे पिंप पुरते. ते 100 सेकंदांत भरले तर सेकंदाला 2 लिटर, म्हणजे आठ तासांत 57,600 लिटर पाणी मिळते. पिकाची गरज दिवसाला 5 मिलिमीटर धरल्यास हेक्टरी 50,000 लिटर लागतात. ठिबकमध्ये दहा टक्के पाणी वाया जाते असे मानले तर उपसा साधारण 55,500 लिटरवर जातो. हिशेब जेमतेम जुळतो, तोही चाचणीच्या दिवशीचा. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेल्या चाचणीचे आकडे फार गोड दिसतात, म्हणून ती कोरड्या हंगामाच्या अखेरीस, शेजारच्या विहिरींचा उपसा चालू असताना, पुन्हा करावी आणि बागेचे क्षेत्र त्याच आकड्यांवरून ठरवावे.

तपासणीसाठी नमुना पंप काही वेळ चालवल्यानंतर, त्याच पाण्याने विसळलेल्या स्वच्छ बाटलीत घ्यावा. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप, 0.7 डेसिसिमेन्स प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास क्षारांची चिंता नाही. 3 च्या वर गेल्यास बहुतेक पिकांना ते पाणी जड जाते. मधल्या पट्ट्यात फसगत होते. वाहकता 1 असलेल्या पाण्यात दर घनमीटरला साधारण 640 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे हंगामात 500 मिलिमीटर पाणी दिले की हेक्टरी सुमारे 3.2 टन क्षार जमिनीत येतात आणि निचरा नसेल तर तिथेच राहतात. सोडियमचे प्रमाण आणि अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम व मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट-बायकार्बोनेट) हेही अहवालात मागून घ्यावे. हा दुसरा आकडा लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढे असल्यास भारी जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन तिच्यात पाणी मुरत नाही, मग ते पाणी जिभेला कितीही गोड लागो.

प्रश्न: आवक कमी पडली तर बोअर आणखी खोल न्यावे का?

उत्तर: कठीण खडकात खोली वाढेल तशा पाणी देणाऱ्या भेगा सहसा कमी होतात, आणि खोलवरचे पाणी अधिक खारट निघण्याचीही शक्यता असते. आधी मोजलेल्या आवकेत बसेल एवढेच क्षेत्र भिजवावे.