दोन लाख किलोमीटर झालेली इनोव्हा आणि एक लाख आठ हजारांची यादी

प्रश्न: आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. 2013 ची इनोव्हा (2.5 डिझेल) आहे, 2,14,000 किलोमीटर झालेत. गाडी अजून चांगली चालते. वर्षाला साधारण 14,000 किलोमीटर होतात. आईच्या तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी पुणे, बाकी सांगली-मिरज आणि लग्नकार्यं. नेहमीच्या मेकॅनिकने ‘बंद पडायच्या आधी करून घ्या’ म्हणून एक लाख आठ हजारांची यादी दिली आहे. मेहुणे म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आत्ता 4,60,000 येतायत तर विकून टाका आणि नवी सात सीटर घ्या. नवी ऑनरोड 13,20,000 ला पडते. घरचे 60,000 घालून आठ लाखांचं कर्ज काढावं लागेल. काय करावं?

उत्तर:

नमस्कार. मेहुण्यांची म्हण चांगली आहे, पण हिशोब चुकीच्या जागी लावलेला आहे. गाडीची बाजारातली किंमत किती आणि तिच्यावर खर्च किती, ही तुलना गाडी विकणाऱ्यासाठी ठीक. तुम्हाला गाडी वापरायची आहे. तेव्हा पुढची चार वर्षं हीच गाडी चालवली तर वर्षाला किती जातील आणि नवी घेतली तर किती जातील, एवढंच बघायचं.

जुनीचं आधी. आज 4,60,000 ची गाडी चार वर्षांनी दोन लाखांना गेली असं धरू. मुद्दाम कमी धरलंय, कारण तोवर तिला पंधरा वर्षं उलटून गेलेली असतील. म्हणजे घट वर्षाला 65,000. यादीतली खरोखर लागणारी कामं मिळून 80,000 च्या घरात जातात (कुठली ते पुढे लिहितो), ती चार वर्षांत वाटली तर 20,000. नेहमीची सर्व्हिसिंग आणि टायर धरून 30,000, विमा 18,000, आणि अचानक निघणारी कामं व पुनर्नोंदणी यांच्यासाठी आणखी 20,000. बेरीज 1,53,000.

आता नवी. 13,20,000 मधला रस्ताकर आणि पहिला विमा परत मिळत नाही, त्यामुळे चार वर्षांनी सात लाख आले तरी बरे म्हणायचे. घट वर्षाला 1,55,000. आठ लाख, 9 टक्के, पाच वर्षं असा हप्ता 16,607 बसतो. त्यातलं पहिल्या चार वर्षांचं व्याज वर्षाला सरासरी 47,000. विमा 40,000, सर्व्हिसिंग 12,000. एकूण 2,54,000. नवी पेट्रोलवर लिटरला 16 देईल आणि तुमची डिझेलवर 12 देते असं धरलं, पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपयांनी, तर इंधनात वर्षाला पंधराएक हजार वाचतील. ते वजा करूनही नवी गाडी वर्षाला 85,000 च्या आसपास महाग पडते. माझे आकडे दहा-वीस हजार इकडेतिकडे करा, निष्कर्ष हलत नाही.

पण मला खरी काळजी या बेरजेची नाही, हप्त्याच्या तारखेची आहे. हप्ता दर महिन्याला जातो आणि तुमचा पैसा दर महिन्याला येत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून जानेवारीपर्यंत औषधं, मजुरी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), सगळा पैसा बाहेरच जातो. नेमक्या त्या चार महिन्यांत 66,400 रुपये हप्त्यांपोटी जाणार. माल फेब्रुवारी-मार्चला सुटला तर ठीक. दर पडला आणि बेदाणा करून शीतगृहात ठेवायची वेळ आली, तर पैसा आणखी लांबतो. अवकाळीचं तर बोलायलाच नको. अशा वेळी बहुतेक जण गाडीचा हप्ता भरतात, कारण बँकेचा फोन येतो, आणि सोसायटीचं पीककर्ज थकवतात. तिथे खरं नुकसान आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची 3 टक्के सवलत आणि वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली सवलत मिळते. तारीख चुकली की दोन्ही जातात. फुकटात पडणारं कर्ज थकवून 9 टक्क्यांचं फेडायचं, हा उफराटा व्यवहार. तेव्हा नवी गाडी आत्ता नको.

आता यादीकडे. तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. मेकॅनिक प्रामाणिक वाटतो, पण त्याने सगळं एकाच रांगेत बसवलंय. माझा निकष असा: एखादा स्वस्त भाग तुटल्यावर शेजारचा महाग भाग सोबत नेतो का? किंवा त्यामुळे ब्रेक वा स्टिअरिंग जातं का? तसं असेल तर ते काम आज. जो भाग आधी कुरकुर करून सूचना देतो आणि एकटाच जातो, तो थांबू शकतो.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर: 14,000. याला पर्याय नाही. तुमच्या इंजिनात चेन नाही, रबरी दातेरी बेल्ट आहे. खालची क्रँकशाफ्ट आणि वरची कॅमशाफ्ट यांचा मेळ तो राखतो. चालत्या गाडीत तो तुटला किंवा दात घसरला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं, आणि 14,000 च्या जागी त्याच्या कितीतरी पट बिल होतं. हा बेल्ट आवाज करून सांगत नाही. पहिला लाख किलोमीटरच्या सुमारास बदलल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणजे या बेल्टवरही लाखाहून जास्त किलोमीटर झाले. ‘डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागला नाही’ यावर विसंबू नका. तो दिवा फक्त किलोमीटर मोजतो, बेल्टची अवस्था त्याला कळत नाही, आणि मध्ये कुणी तो रीसेट केला असेल तर त्याला काहीच अर्थ नाही. बेल्ट मात्र अधिकृत दुकानातून, सीलबंद खोक्यात, पक्क्या बिलावर घ्या. नकली बेल्ट बाजारात मिळतात. मजुरी तुमच्या मेकॅनिकचीच असू दे. जुना बेल्ट मागून घ्या.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), होज पाइप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर साफ करणं: 9,500. हेही आज. पातळी उतरली की बोअरचं पाणी ओतायची आपल्याकडे सवय आहे, आणि तुमच्या भागातल्या बोअरचं पाणी किती जड असतं ते ठिबकच्या नळ्यांवरून तुम्हाला माहीतच आहे. तोच पांढरा थर रेडिएटरमध्ये बसतो. सातजण आणि सामान घेऊन खंबाटकीसारखा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला आणि ‘पुढच्या हॉटेलपर्यंत जाऊ’ म्हणून गाडी रेटली, की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं.

ब्रेकचे पॅड, लायनर, ऑइल मिळून 8,000. करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे रंग चांगला दिसला तरी दोन वर्षांनी बदलायचं. खालचे आर्म, बॉल जॉइंट, बुश यांचे 13,000 हेही आत्ताच, बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं. चारही शॉकअपचे 11,000 मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवा. गळत नसतील तर बहुतेक वेळा हादरे जास्त बसतात, एवढंच.

म्हणजे आत्ताचा खर्च 44,500.

क्लच सेट 19,000. इथे मेकॅनिकचा अंदाज न घेता चाचणी घ्या. मोकळ्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएम चढला पण गाडी ओढली नाही, तर प्लेट घसरतेय, बदला. नाही तर माल सुटल्यावर एप्रिलमध्ये करा.

चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) ओव्हरहॉलचे 28,000, यावर मी सरळ नाही म्हणतो. आधी रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना चार सारख्या बाटल्या लावतात आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवतात. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा भराभर साठतं, तो इंजेक्टर दमलाय. बहुधा एखादाच निघतो. त्याचे सात हजार बाजूला ठेवा, चौघांचे नकोत. ‘डिकार्बनायझेशन’च्या (इंजिनातली काजळी काढण्याच्या) नावाखालचे 5,500 तर खोडूनच टाका. धूर काळा येत असेल तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करण्यापासून सुरुवात होते, तेवढं सर्व्हिसिंगमध्ये बसतं.

आत्ताचे 44,500, पुढचा क्लच आणि शॉकअप, एक इंजेक्टर: 81,500. वर 80,000 म्हटलं ते हेच.

मात्र यातला एक रुपयाही घालायच्या आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. घरच्या घरी एवढं बघता येतं: इंजिन गरम झाल्यावर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते, पण भकाभका धूर आणि झाकण थडथड उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसं निघालं, किंवा चेसिसला गंज खोल गेलेला सापडला, तर माझा सल्ला उलटा समजा. मग बेल्टसुद्धा बदलू नका, 4,60,000 पदरात पाडून घ्या आणि नवीऐवजी दोन-तीन वर्षं वापरलेली, कमी कर्जाची गाडी बघा. पुढेही एकाच दुखण्याचं बिल सव्वा लाखाच्या वर जायला लागलं, किंवा वर्षात दोनदा आईला घेऊन रस्त्यावर थांबायची वेळ आली, तर विकायची वेळ झाली असं धरा.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गैरसमज सगळीकडे असतो म्हणून सांगतो. झिजून किंवा यांत्रिक बिघाडाने झालेलं नुकसान साध्या मोटार विम्यात येत नाही. बेल्ट तुटून इंजिन बसलं तर दावा मंजूर होणार नाही. अपघातातही दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. चोरी आणि पूर्ण नुकसानीसाठी पूर्ण विमा ठेवा, पण दुरुस्तीचा पैसा स्वतःकडेच हवा. तुमच्या बाबतीत दरमहा बचत जमणार नाही. म्हणून माल किंवा बेदाणा विकून पैसे आले की त्याच आठवड्यात 50,000 ची वेगळी मुदत ठेव करा, मोडता येईल अशी, आणि तिला औषध दुकानाच्या उधारीसाठी हात लावू नका.

2028 चं गणितही आत्ताच लक्षात असू द्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. दिल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्यांनी घाबरू नका, तो नियम आपल्याकडे नाही. इथे तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. 2022 पासून मोटारीसाठी त्याचं शुल्क 5,000 झालंय, शिवाय पर्यावरण कर. विकायचीच झाली तर 2027 च्या हंगामानंतर विका. नाही तर नूतनीकरण करून पुरती वापरून घ्या. मुदत संपायला चार महिने उरलेत आणि गाडी विकायला काढलीय, यात गिऱ्हाईक सगळ्यात जास्त पाडून मागतं.

टायरचं यादीत काही नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. तुमचे सहा-सात वर्षांचे निघाले तर नक्षी चांगली दिसली तरी बदला, आणि व्हील अलाइनमेंट आर्म-बुशचं काम झाल्यावरच करा, आधी केली तर पैसे वाया.

बेल्टचं काम पूर्ण दिवस घेतं. घटस्थापनेच्या आत उरकून घ्या, एकदा छाटणीचे मजूर लागले की गाडी गॅरेजला सोडायला सवड मिळणार नाही.