रिकाम्या ट्यूबमध्येही रंग का येतो?

प्रश्न : स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाचा थर असलेल्या मॅग्नेटिक बीड्सवर (चुंबकाने ओढता येणाऱ्या बारीक मण्यांवर) सँडविच पद्धतीने, म्हणजे एका अँटीबॉडीने पकडून दुसरीने शोधून, आम्ही एक प्रथिन मोजतो. पण नमुना न घातलेल्या ट्यूबमध्येही टीएमबीचा (एन्झाइममुळे रंग बदलणाऱ्या रसायनाचा) गडद निळा रंग येतो. वॉश तीनाचे पाच केले, तरी फरक नाही. (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : धुऊनही जात नाही म्हणजे रंग आणणारं एन्झाइम कुठेतरी घट्ट बसतंय. आधी हे तपासा : तुमची शोधणारी अँटीबॉडीसुद्धा बायोटिनवाली आहे का? बायोटिन हे जीवनसत्त्व स्ट्रेप्टाव्हिडिनला घट्ट चिकटतं. एलायझाच्या (प्लेटवर होणाऱ्या अशाच चाचणीच्या) पुष्कळ किटमध्ये ती तशी असते. ती बीड्सवर वापरली, की स्ट्रेप्टाव्हिडिनच्या रिकाम्या जागा थेट पकडते. मग प्रथिन असो वा नसो, रंग येणारच. एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) थेट जोडलेली अँटीबॉडी घ्या.

ती आधीच तशी असेल, तर धुण्याची रीत बघा. पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) 0.05 टक्के ट्वीन-20 (साबणासारखा पदार्थ), दर वेळी 200 मायक्रोलिटर. चुंबकावर 1-2 मिनिटांत द्रव नितळ होतो आणि भिंतीला बीड्सचा तपकिरी ठिपका जमतो. टिप ठिपक्याच्या समोरच्या बाजूने तळाशी न्या. पुढचं बफर घालताना मात्र ट्यूब चुंबकावरून काढायचीच, आणि ठिपका पूर्ण मोकळा होईपर्यंत हलवायची. बहुतेकांची चूक इथेच होते. ठिपका न मोडता धुतलं, तर आत अडकलेलं एन्झाइम पाच वॉशनंतरही आतच राहतं. चुंबक काढल्यावर या बीड्समध्ये चुंबकत्व उरत नाही, त्यामुळे त्या सुट्या व्हायलाच हव्यात. गुठळ्या राहिल्या तर बीड्स कधीतरी सुकल्या किंवा गोठल्या असाव्यात. ती बाटली वापरू नका.

शेवटच्या वॉशला बीड्स नव्या ट्यूबमध्ये घ्या. रंग उतरला, तर दोष जुन्या ट्यूबच्या भिंतीचा.

पकडणारी अँटीबॉडीही मोजून घाला. 2.8 मायक्रॉनच्या 1 मिलिग्रॅम बीड्सवर ती साधारण 10 मायक्रोग्रॅम बसते. म्हणजे 100 मायक्रोग्रॅम बीड्सना 1 मायक्रोग्रॅम पुरे. अॅसिड घातल्यावर 450 नॅनोमीटरला वाचण्याआधी बीड्स ओढून फक्त वरचा द्रव प्लेटमध्ये घ्या, कारण बीड्सही प्रकाश अडवतात.

प्रश्न : केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते. थायरॉइडच्या तपासणीवर परिणाम होईल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होऊ शकतो. बऱ्याच यंत्रांत हीच स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिनची जोडी असते. रक्तातलं जादा बायोटिन बीड्सवरच्या जागा अडवतं. टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी-4 खोटं जास्त दिसतं, जणू थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतोय. 5-10 मिलिग्रॅमची गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारून रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबलाही सांगा.