ई-कॅडहेरिन वाचताना

रत्नागिरीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नव्याने रुजू झालीस म्हणून सांगतो. मूत्राशयाच्या गाठीचा तुकडा आला की आधी त्यात स्नायू आहे का ते बघ. तोच नसेल तर गाठ स्नायूपर्यंत पोचली नाही, असं लिहिता येत नाही. मार्कर, म्हणजे रंग देऊन शोधायची प्रथिनं, नंतर.

ई-कॅडहेरिन हे त्यातलंच एक, पेशींना एकमेकींशी जोडून ठेवतं. पेशीपटलावरून ते गेलं की गाठ बरेचदा हाय ग्रेड (जास्त आक्रमक), खोल घुसणारी निघते. प्लाझ्मासायटॉइड प्रकारात (पेशी सुट्या, प्लाझ्मा पेशींसारख्या दिसतात तो) तर ते बहुधा नसतंच. पण देवगड-राजापूरहून एसटीने आलेला तुकडा अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) पडून राहिला असेल, तर रंग उगाच फिका येतो. त्याच स्लाइडवरचं निरोगी अस्तर बघ. तेही फिकं असेल तर स्टेनिंग पुन्हा कर, रिपोर्ट थांबव. आणि सर्जनला स्पष्ट सांग, एवढ्या एका मार्करवर कुणाचं मूत्राशय काढायचं ठरवू नका.